भूकंपाची बातमी लिहिणाऱ्यांना खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांचे आणि वृत्तवाहिन्यांचे संपादक, जिल्ह्याजिल्ह्यांतले वार्ताहर आणि भूकंपानंतर प्रसिद्धिपत्रक काढणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

‘आज पहाटे तालुक्यातील काही गावांना भूकंपाचे सौम्य झटके बसले. रिश्टर स्केलवर ३.८ तीव्रतेची नोंद झाली असून भूकंपाचा केंद्रबिंदू जमिनीखाली दहा किलोमीटरवर होता. कोणतीही जीवित वा वित्तहानी झालेली नाही. नागरिकांनी घाबरून जाऊ नये व अफवांवर विश्वास ठेवू नये, असे आवाहन प्रशासनाने केले आहे.’

ही बातमी कुठल्या एका अंकातून उतरवलेली नाही. हा साचा आहे. गावाचे नाव आणि आकडा बदलला की तो डहाणूला चालतो, हिंगोलीला चालतो, पाटणलाही चालतो. मी शाळेत भूगोल शिकवते. अशी बातमी वर्गात वाचली की मुले जे प्रश्न विचारतात, त्यांतल्या एकाचेही उत्तर तिच्यात सापडत नाही. आपल्याकडे किती हलले? ३.८ म्हणजे जास्त की कमी? आता आणखी मोठा होईल का? आज रात्री घरात झोपायचे की अंगणात? भूकंप काही सेकंदांत संपतो. त्यानंतरचे तास आणि दिवस लोक तुमच्या शब्दांच्या आधाराने काढतात, आणि या चार वाक्यांतले निम्मे शब्द चुकीच्या अर्थाने आलेले आहेत, उरलेल्यांना फारसा अर्थच नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

सर्वांत आधी ‘तीव्रता’ हा शब्द घेते, कारण बाकीचा बराच गोंधळ त्याच्यातून सुरू होतो.

भूकंपाबाबत दोन निराळ्या गोष्टी मोजल्या जातात. जमिनीखाली खडक सरकला तेव्हा एकूण केवढी ऊर्जा सुटली, ही पहिली. एका भूकंपाला याचा एकच आकडा असतो. तुम्ही मुंबईत असा की नागपुरात, तो बदलत नाही. हे मॅग्निट्यूड. मराठीत कुणी त्याला महत्ता म्हणतात, कुणी परिमाण. दुसरी गोष्ट म्हणजे एखाद्या ठिकाणी जमीन किती हलली, आणि तिथल्या माणसांचे व घरांचे काय झाले. तिला तीव्रता म्हणायचे. ती गावागणिक बदलते, कधी कधी एकाच गावात आळीगणिक बदलते. देवळातली घंटा केवढी आहे ही एक बाब आणि ती तुमच्या ओसरीवर किती मोठ्याने ऐकू येते ही दुसरी. आपल्या बातम्या घंटेचे वजन सांगतात आणि त्यालाच आवाज म्हणतात.

तीव्रतेची मोजपट्टी फार जुनी आहे. इटलीच्या जुझेप्पे मर्कॅली यांनी १९०२मध्ये ती मांडली, १९३१मध्ये अमेरिकेत तिची सुधारित आवृत्ती निघाली, आणि आज ती बारा पायऱ्यांची आहे. तिच्याच धर्तीची, बारा पायऱ्यांचीच, ‘एमएसके’ नावाची पट्टी आपल्याकडे अनेक वर्षे वापरात आहे. या पायऱ्यांचे वर्णन कुणालाही कळेल असे असते. खालच्या पायरीवर वरच्या मजल्यावर स्वस्थ पडलेल्या एखाद्यालाच कंप जाणवतो. मग टांगलेल्या वस्तू झुलतात. मग भांडी वाजतात, खिडक्या खडखडतात. मग झोपलेली माणसे जागी होतात. सहाव्या पायरीपाशी सगळ्यांना जाणवतो, माणसे बाहेर धावतात, गिलाव्याचे पापुद्रे पडतात. त्याच्या वर घरांच्या भिंती फुटायला लागतात.

हे सारे वार्ताहराला पाच गावांत फोन करून अर्ध्या तासात विचारता येते. पंखा हलला का, फडताळातली भांडी पडली का, भिंतीला नवा तडा गेला का, गुरे बुजली का. ‘अमुक गावात झोपलेली माणसे उठून बाहेर आली, वीस किलोमीटरवरच्या तमुक गावात काहींनाच जाणवला’ एवढे एक वाक्य वाचकाला ‘३.८’पेक्षा कितीतरी अधिक सांगते. माझ्या मते भूकंपाच्या मराठी बातमीतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे की तिच्यात आकडा असतो आणि गाव नसते.

जपानमध्ये क्रम नेमका उलटा आहे. तिथे धक्का बसला की दूरचित्रवाणीवर आधी गावोगावची ‘शिंदो’ दाखवतात, म्हणजे त्या त्या ठिकाणची तीव्रता. मॅग्निट्यूड नंतर येते. शिंदोच्या पायऱ्या शून्य ते सात. १९९५च्या कोबे भूकंपानंतर असे लक्षात आले की पाच आणि सहा या पायऱ्यांच्या पोटात फार वेगवेगळे नुकसान एकत्र कोंबले जाते. १९९६पासून त्या दोन्हींचे ‘खालची’ आणि ‘वरची’ असे भाग केले गेले. लोकांना आपले घर किती हलले हे अधिक नेमके कळावे, यासाठी एका देशाने आपली मोजपट्टीच बदलून घेतली.

आता ‘रिश्टर स्केलवर’. चार्ल्स रिश्टर यांनी ही पद्धत १९३५मध्ये बेनो गुटेनबर्ग यांच्या सहकार्याने बसवली, ती दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी आणि तिथे वापरात असलेल्या एका विशिष्ट भूकंपमापकासाठी. मुलांना वाटते की रिश्टर स्केल हे यंत्र आहे आणि त्याच्यावर काटा फिरतो. ते गणित आहे. जवळच्या, लहान भूकंपांना ते चांगले लागू पडते, आणि त्याच जातीची ‘स्थानिक महत्ता’ आजही लहान धक्क्यांसाठी काढतात. मोठ्या भूकंपांना मात्र ते कमी पडते, साडेसहा-सातच्या पुढे आकडा वाढायचाच थांबतो. म्हणून टॉमस हँक्स आणि हिरू कानामोरी यांनी १९७९मध्ये ‘आघूर्ण महत्ता’ ही पद्धत दिली. भूभ्रंशाचा, म्हणजे जमिनीखालच्या खडकातल्या भेगेचा, किती मोठा तुकडा, किती अंतर सरकला आणि तिथला खडक किती ताठर होता, यांवरून ती काढतात. जगातल्या मोठ्या भूकंपांचे आकडे आता याच पद्धतीचे असतात. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या नोंदीत नुसते ‘एम’ आणि आकडा असतो. त्याला ‘रिश्टर’ आपण चिकटवतो.

यात काय बिघडले, असे कुणी म्हणेल. २६ जानेवारी २००१चा भूज आठवून पाहावा. भारतीय हवामान खात्याने ६.९ सांगितले. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने ७.९ सांगितले आणि नंतर ते ७.७ केले. दोन्हीकडे पद्धती वेगळ्या होत्या. पण बातम्यांत दोन्ही आकडे ‘रिश्टर स्केलवर’ म्हणूनच येत राहिले, आणि कुणीतरी काहीतरी लपवते आहे असा लोकांचा समज झाला तर त्यात नवल नव्हते. पद्धतीचे नाव टाळून ‘राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने दिलेली प्राथमिक महत्ता ४.५’ असे लिहिले, तर वाचकाला दोन गोष्टी कळतात: आकडा कुणी दिला, आणि तो पुढे बदलू शकतो. महत्ता हा शब्द कानाला अवघड वाटत असेल तर खुशाल मॅग्निट्यूड लिहा. तीव्रता हा शब्द तेवढा त्याच्या जागी राहू द्या. त्याच भूजच्या वेळी दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारच्या कित्येक उभ्या राहिल्या. महत्ता एकच होती. हा फरक समजावून सांगायला ‘तीव्रता’ हा शब्द हाताशी मोकळा असावा लागतो.

आकड्यांबद्दल आणखी एकच. ही मोजणी दहापैकी गुण दिल्यासारखी नाही. महत्ता एकाने वाढली की भूकंपमापकावरच्या लहरीची उंची दहा पट होते आणि सुटलेली ऊर्जा सुमारे बत्तीस पट. दोनने वाढली तर ऊर्जा हजार पट. १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले आणि अनेकांना किल्लारी आठवले. किल्लारी ६.२ होते. दोन आकड्यांत जेमतेम पावणेदोनचे अंतर दिसते, पण ऊर्जेत ते साधारण साडेतीनशे पट आहे. ही ओळ बातमीत असती तर कितीतरी घरांत त्या दिवशी जीव भांड्यात पडला असता, आणि ‘घाबरू नका’ असे वेगळे सांगावे लागले नसते.

‘केंद्रबिंदू’ लिहिताना खाली खडक जिथे सुटला ती जागा आणि तिच्या थेट वर जमिनीवर येणारी जागा यांची सरमिसळ होते. खालच्या जागेला भूकंपनाभी आणि वरच्या जागेला अपिकेंद्र असे चांगले शब्द मराठीत आहेत. खोलीचा ‘१० किलोमीटर’ हा आकडा मात्र सावधपणे लिहावा. पुरेशा नोंदी नसतील तेव्हा कितीतरी वेळा तो गृहीत धरलेला असतो.

आणि भूकंप मराठीत ‘होतो’. तो ‘येत’ नाही. धक्का बसतो, हादरा बसतो, कंप जाणवतो. ‘भूकंप आला’ आणि ‘भूकंपाचे झटके’ हे हिंदी बातमीपत्रांतून घाईघाईत उचललेले प्रयोग आहेत. मराठीत झटका विजेचा बसतो किंवा हृदयविकाराचा येतो. हा मुद्दा लहान आहे, पण आपल्या भाषेत धक्का, हादरा, कंप, थरथर अशी चढती-उतरती भाजणी असताना सगळीकडे ‘झटके’ का? नुसती खिडकी थरथरली असेल तर थरथरली म्हणावे. एवढ्यानेही वाचकाला अंदाज येतो.

आता ज्या वाक्यासाठी मी खरे तर हे पत्र लिहायला बसले, ते वाक्य: नागरिकांनी घाबरून जाऊ नये.

इटलीत लाक्विला नावाचे शहर आहे. २००९च्या सुरुवातीपासून तिथे लहान लहान धक्के बसत होते. ३१ मार्चला सरकारने तज्ज्ञांची बैठक बोलावली. त्या बैठकीच्या आधी नागरी संरक्षण विभागाचे तेव्हाचे उपप्रमुख बर्नार्दो दे बर्नार्दिनिस यांनी दूरचित्रवाणीच्या वार्ताहराला सांगितले की, शास्त्रज्ञ मला सांगतात धोका नाही, कारण ऊर्जा सतत बाहेर पडते आहे. निवांत वाइन प्यावी का, या प्रश्नालाही त्यांनी हसून होकार दिला. ६ एप्रिलच्या पहाटे ६.३ महत्तेचा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. त्या भागात धक्का बसला की रात्र घराबाहेर काढायची, अशी जुनी रीत होती. त्या रात्री आधी दोन धक्के बसले होते, तरी दिलासा मिळाल्यामुळे आमची माणसे घरातच राहिली, असे कित्येक नातेवाइकांनी पुढे न्यायालयात सांगितले. २०१२मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि हे अधिकारी अशा सात जणांना शिक्षा झाली. अपिलात सहाही शास्त्रज्ञ सुटले. अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली, पण दोष कायम राहिला. भूकंप आधी सांगता आला नाही हा त्यांचा गुन्हा नव्हताच. शब्दांनी लोकांना घरात ठेवले, यावर तो खटला उभा होता.

‘ऊर्जा बाहेर पडते आहे, त्यामुळे मोठ्या भूकंपाचा धोका टळतो’ हे वाक्य मराठी बातम्यांतही नेहमी दिसते. वरचेच गणित इथे लावून पाहा. सहा महत्तेच्या एका भूकंपाएवढी ऊर्जा लहान धक्क्यांनी सुटायची तर चार महत्तेचे सुमारे हजार धक्के बसायला हवेत. हे वाक्य यापुढे छापू नये, ते कितीही मोठ्या पदावरच्या माणसाच्या तोंडचे असले तरी.

किल्लारी परिसरातही १९९२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात धक्क्यांची मालिका होऊन गेली होती. ती थांबली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, लोक गाढ झोपेत असताना, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या माळवदाच्या घरांच्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड छपरे खाली आली. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. तेव्हाच्या भूकंपप्रवण नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आदल्या वर्षीच्या त्या धक्क्यांवरून कुणी हे सांगू शकले असते असे मी मुळीच म्हणत नाही. बहुतेक मालिका काही न होता विरून जातात. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८मध्ये सुरू झालेली मालिका बराच काळ चालली, लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या, आणि तिथले मोठ्यात मोठे धक्के चारच्या आसपासच राहिले. पुढे काय होईल ते सांगता येत नाही, हीच वस्तुस्थिती आहे. मग तीच लिहावी. ‘अशा मालिका बहुधा हळूहळू थांबतात, क्वचित त्यांत मोठा धक्का बसतो, आधी सांगता येत नाही, तोवर हे करा’ असे साध्या मराठीत सांगितले तर लोक घाबरत नाहीत. डोळ्यांसमोर भिंत फाटलेल्या माणसाला ‘घाबरू नका’ म्हटले की तो बोलणाऱ्यावरचा विश्वास गमावतो, आणि मग त्याला अफवाच खरी वाटू लागते.

‘हे करा’मध्ये काय यावे, तेही साधेच आहे. तडे गेलेल्या भिंतीच्या आडोशाला झोपू नका. माळ्यावरचे, फळीवरचे जड सामान खाली उतरवा, पलंग त्याच्या खालून हलवा. पक्क्या इमारतीत असाल तर हादरा चालू असताना जिन्याकडे पळू नका, मजबूत टेबलाखाली शिरून डोके सांभाळा. हादरा थांबल्यावर गॅस बंद करा. दगडमातीच्या घरात राहणाऱ्यांसाठी सल्ला वेगळा लागेल, तो त्या भागातल्या अभियंत्याला विचारून छापावा. ‘अफवांवर विश्वास ठेवू नये’ या ओळीच्या जागेत एवढे सहज बसते.

‘आफ्टरशॉक’ किंवा ‘पश्चातधक्का’ या शब्दाबद्दलही सावध राहायला हवे. हा शब्द ऐकला की माणूस समजतो, मोठे होऊन गेले, आता शेपूट उरले. १४ एप्रिल २०१६ रोजी जपानच्या कुमामोतो भागात मोठा भूकंप झाला आणि तोच मुख्य धक्का समजला गेला. १६ तारखेच्या मध्यरात्रीनंतर त्याच्याहून मोठा, ७.० महत्तेचा भूकंप झाला. मधल्या काळात घरी परतलेली काही माणसे त्यात दगावली. त्यानंतर जपानच्या हवामान संस्थेने अशा सूचनांत ‘पश्चातधक्के’ हा शब्द वापरणे सोडले. आता ‘अशाच जोराच्या भूकंपांपासून सावध राहा’ असे सांगतात. शास्त्रात तो शब्द आहे आणि राहील. पण पूर्वधक्का कोणता, मुख्य कोणता आणि नंतरचा कोणता, हे सगळे होऊन गेल्यावरच ठरते. चालू घडामोडीच्या बातमीत ‘आणखी धक्के’ हा बिनचूक आणि पुरेसा शब्द आहे.

जपानचेच आणखी एक उदाहरण देते, कारण आकडे आणि शब्द यांच्याबद्दल इतका कडू धडा दुसरा नाही. ११ मार्च २०११च्या भूकंपात पहिल्या काही मिनिटांत महत्ता ७.९ काढली गेली. खरी ९.० होती. पहिल्या इशाऱ्यात किनाऱ्यावरच्या मियागी प्रांताला सहा मीटर आणि इवाते व फुकुशिमाला तीन मीटर त्सुनामीचा अंदाज गेला. लाटा त्याहून कितीतरी उंच आल्या, पण ‘तीन मीटर’ ऐकून समुद्राकाठची भिंत पुरेल असे काहींना वाटले. २०१३पासून तिथे नियम बदलला. भूकंप प्रचंड असेल आणि आकड्याची खात्री नसेल तर पहिल्या इशाऱ्यात मीटर सांगायचेच नाहीत, सरळ ‘प्रचंड’ हा शब्द वापरायचा. १ जानेवारी २०२४ला नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला तेव्हा सार्वजनिक वाहिनीवरची निवेदिका नेहमीच्या संथ स्वरात बोलत नव्हती. ताबडतोब पळा, असे ती आज्ञार्थी वाक्यांत, आवाज चढवून सांगत होती, कारण तसे बोलायचे हे आधी ठरलेले होते. आपल्या वाहिन्यांवर आवाज रोजच चढलेला असतो. खरा धोका आला तर त्याहून वर कुठे जायचे, याचा विचार तुम्हीच करावा.

भाकीत, अंदाज आणि पूर्वसूचना हे तीन शब्द एकमेकांच्या जागी टाकू नयेत. अमुक दिवशी, अमुक जागी, एवढा भूकंप होणार, हे भाकीत. ते आजवर कुणालाही भरवशाने करता आलेले नाही. चीनमध्ये १९७५ साली हायचेंगच्या भूकंपाआधी लोकांना बाहेर काढले गेले, याचा दाखला नेहमी देतात. पुढच्याच वर्षी तांगशानमध्ये कोणताही इशारा न मिळता अडीच लाखांच्या आसपास माणसे गेली, हे त्यासोबत सांगत नाहीत. येत्या तीस-पन्नास वर्षांत या पट्ट्यात मोठ्या भूकंपाची शक्यता किती, हा अंदाज. आणि भूकंप सुरू झाल्यावर वेगवान प्राथमिक लहरी पकडून, मागून येणाऱ्या जोरदार दुय्यम लहरींच्या काही सेकंद आधी वाजणारी घंटा, ही पूर्वसूचना. ‘भूकंपाचे भाकीत करणारे यंत्र बसवले’ असा मथळा आला की लोक काही दिवस आधी कळेल या आशेवर राहतात.

कोयनेबद्दल लिहिताना ‘धरणामुळे भूकंप’ असे ठोकून देतात, किंवा त्याच्या उलट ‘धरणाचा काही संबंध नाही’ असे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला जो भूकंप झाला, तो जलाशयाशी निगडित भूकंपांत जगातला सर्वांत मोठा मानला जातो. शास्त्रज्ञ तिथे पाण्याला निमित्त मानतात: खडकातला ताण आधीपासून होता, पाण्याने तो सुटायला चालना दिली. ‘निमित्त’ हा आपला रोजचा शब्द त्याला चपखल बसतो. आणि प्रत्येक धक्क्यानंतर येणारे ‘धरण सुरक्षित आहे’ हे वाक्य छापताना पाहणी कुणी केली आणि केव्हा, हे विचारून तेही छापावे. १९६७मध्ये धरणाच्या वरच्या भागाला तडे गेले होते आणि नंतर ते मजबूत केले गेले; त्या खोऱ्यातल्या लोकांना हे ठाऊक आहे.

‘निसर्गाचा कोप’ हे शब्द मला वाचवत नाहीत. २०१०मध्ये हैतीत ७.० महत्तेचा भूकंप झाला. मृतांचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण बहुतेक लाखाच्या वर आहेत. दीड महिन्याने चिलीत ८.८चा झाला. ऊर्जा सुमारे पाचशे पट होती, आणि मृत पाचशेच्या आसपास. कोप मोजायचाच तर चिलीवर जास्त झाला होता. फरक घरांचा होता, बांधकामाच्या नियमांचा आणि ते पाळले जातात की नाही याचा होता. ‘निसर्गाचा कोप’ लिहिले की आराखडा कुणी मंजूर केला, पाहणी न करता दाखला कुणी दिला, हे प्रश्न विचारायला जागाच राहत नाही. ‘सौम्य’, ‘मध्यम’ या विशेषणांचेही असेच. आपत्ती व्यवस्थापनाच्या सरकारी कागदांत ५ ते ६.९ महत्तेच्या भूकंपाला मध्यम म्हणतात. त्या हिशेबाने किल्लारी मध्यम होते.

शेवटचा विषय मथळ्यांचा. पक्षातून चार आमदार बाहेर पडले की ‘राजकीय भूकंप’. बाजार पडला की ‘भूकंप’. कुठे खून झाला की अमुक शहर ‘हादरलं’. उपमा भाषेत असतात आणि असाव्यात, ते मला मान्य आहे. पण या राज्यात हा शब्द नुसती उपमा नाही. सरकारी भरतीच्या जाहिरातीत समांतर आरक्षणाच्या रकान्यात ‘भूकंपग्रस्त २ टक्के’ असे आजही छापून येते, आणि तो दाखला ज्यांच्या घरात आहे, त्यांनी भूकंपात घर किंवा माणसे गमावली आहेत. ३० सप्टेंबरला स्मरणाचे लेख छापायचे आणि महिनाभरात पहिल्या पानावर ‘भूकंपाचे धक्के दिल्लीपर्यंत’ असा पक्षफुटीचा मथळा द्यायचा, हे मला फार लागते. पक्षफुटीला पक्षफूट, बंडाळी, खिंडार, उलथापालथ असे अस्सल मराठी शब्द पुष्कळ आहेत.

तुमच्याकडून मला एक ठोस गोष्ट हवी आहे. प्रत्येक वृत्तकक्षाने आणि प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयाने भूकंपाच्या बातमीसाठी एक पानी तक्ता आत्ताच, शांतपणी, करून ठेवावा. आकडा देणाऱ्या संस्थेचे नाव, प्राथमिक की सुधारित, अपिकेंद्र कोणत्या गावाच्या कोणत्या दिशेला, पाच-सहा गावांत काय जाणवले, जवळच्या जुन्या भूकंपाशी ऊर्जेची तुलना, आणि घराच्या बांधणीप्रमाणे काय करावे. पहाटे साडेचारला फोन आला की मजकूर हाताशी असेल. शब्द तपासायला भूशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आणि आमच्यासारखे शाळामास्तर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. बोलावलेत तर आम्ही येऊ.

कळावे, लोभ असावा.

आपली,
भूगोलाची एक शिक्षिका